भिंत कधी उघडायची

“चुकलं! एकदाचं चुकलं,” काळमेघ मॅडम म्हणाल्या आणि खुर्ची मागे सरकवून उभ्याच राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

चूक सापडली की त्यांना असाच आनंद व्हायचा. नागपूरच्या संस्थेतून त्या आमच्याकडे येत होत्या त्या मुळी चुका शोधायलाच. मी कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले आणि पडद्याकडे बघितलं. हिरव्या अक्षरांत मशीननं निर्णय दिला होता : भिंत उघडायला हरकत नाही.

“आणि खरं काय झालं होतं?” माझ्या पलीकडे बसलेल्या मामाजींनी विचारलं. मामाजी म्हणजे माझे सासरे, दौलतराव चहांदे.

“स्फोट,” मॅडम म्हणाल्या. “आपलं मशीन म्हणतंय उघडा. त्या लोकांनीही उघडली, आणि आत भडका उडाला. म्हणजे आपल्या नियमांत कुठंतरी भोक आहे साहेब. शोधू या.”

मामाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. “आकडे वाचा बरं परत,” ते म्हणाले.

मॅडमनी वाचले. मामाजी ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी टेबलाच्या कडेवर तळहात पसरून ठेवला आणि तो तसाच ठेवला.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. वणीच्या पुढे कोळशाच्या खाणी आहेत, तिथल्या एका कॉलनीत आम्ही राहायचो. जमिनीखालच्या खाणीत एक वाईट खोड असते. कोळसा काढून झालेल्या भागात जो चुरा मागे राहतो तो आतल्या आत तापतो आणि कुणी काडी न लावता पेटतो. मग त्या भागाच्या तोंडाशी विटांची भिंत बांधतात. आत हवा गेली नाही की आग उपाशी मरते. पण कधी ना कधी ती भिंत उघडावी लागते. आत यंत्रं अडकलेली असतात, पुढचा कोळसा अडलेला असतो. आग मेली आहे की नुसती निजली आहे हे बाहेरून ओळखायचं, एवढंच काय ते अवघड. भिंतीत एक नळी ठेवलेली असते. तिच्यातून आतल्या हवेचे नमुने घेतात आणि त्यात विषारी वायू किती आहे ते बघतात. कोळसा जळत असला की तो वायू वाढतो, विझायला लागला की उतरतो.

मामाजी या कामातले जाणते. त्यांचं सगळं आयुष्य खाणीतली हवा सांभाळण्यात गेलं. कामगार त्यांना हवावाले साहेब म्हणायचे. आजूबाजूच्या सगळ्या खाणींतून लोक त्यांना विचारायला यायचे, की साहेब, उघडायची का? आणि साहेबांनी सांगितलं ते कधी चुकलं नाही अशी त्यांची ख्याती. ते निवृत्त झाले तेव्हा कंपनीला धास्ती पडली की हा माणूस गेला की विचारायचं कुणाला. म्हणून ही योजना निघाली. मामाजींना माहीत असलेलं सगळं नियमांच्या रूपात मशीनमध्ये घालायचं. जर असं असेल तर असं समजा, जर तसं असेल तर तसं करा. मॅडम विचारायच्या, मामाजी सांगायचे आणि मी टाइप करायची. नियमांवर नियम साठत गेले. ते झाल्यावर मॅडमनी ठिकठिकाणच्या खाणींतल्या जुन्या हकिकती गोळा केल्या, खाणींची नावं आणि तारखा काढून टाकल्या, आणि एकेक हकिकत मशीनला घालून आम्ही बघायला लागलो की मशीन काय म्हणतं आणि खरं काय झालं होतं.

मी या कामावर कशी आले तेही सांगते. माझा नवरा प्रफुल्ल तीन वर्षांपूर्वी खाणीतल्या अपघातात गेला होता. त्याच्या जागी कंपनीनं मला नोकरी दिली. बी.एस्सी. झालेली होते, टायपिंग येत होतं, म्हणून या कामाला लावलं. घरी मी, मामाजी आणि सासूबाई. तिघंच. मला त्या तीन वर्षांत रडू आलं नव्हतं. प्रफुल्लला आणलं त्या दिवशीही नाही. आधी बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, येईल रडू. मग म्हणाल्या, घट्ट मनाची आहे. पुढे बोलायच्या थांबल्या. मी सकाळी उठायची, स्वयंपाकाला हातभार लावायची, मामाजींबरोबर कॉलनीच्या बसनं ट्रेनिंग सेंटरला जायची, संध्याकाळी परत. जेवणाला चव नव्हती आणि ती नाही याचं काही वाटतही नव्हतं.

“हे आकडे खरे नाहीत,” मामाजी म्हणाले.

मॅडम हसल्या. “साहेब, प्रयोगशाळेतून आलेले आहेत. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यांचे. बघा ना, वायू कसा सारखा उतरत गेलाय. भिंत थंड. तुमच्या नियमात अगदी चपखल बसतंय. म्हणून तर मशीन म्हणालं उघडा.”

“मग भिंत फोडताना काही झालं असेल. लोखंडी पहार मारली असेल कुणी. ठिणगी पडली असेल. त्यात नियमाचा काय दोष?”

“ठिणगी पडली तरी आत पेटायला काही लागतंच की. आग विझलेली असती आणि आत हवाच नसती तर ठिणगीनं काय केलं असतं?”

मामाजींनी टेबलावरचा तळहात उचलला. म्हणाले, “ही केस काढून टाका.”

“का?”

“काढून टाका म्हणतो ना मी! बाकीच्या सगळ्या बरोबर आल्या. एका केससाठी चांगला नियम मोडायचा का?”

मी त्यांच्याकडे बघितलं. हा माणूस कुणाशी आवाज चढवून बोलल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. पावशेर भाजी घेतानाही काटा स्थिर होईपर्यंत थांबणारा माणूस. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर त्यांनीच त्याला झाडलं असतं.

मॅडमनाही ते नवीन होतं. त्या सावकाश म्हणाल्या, “साहेब, पुढच्या महिन्यात सोनापूर खाणीची भिंत उघडायची आहे. पहिल्यांदा आपलं मशीन तिथं वापरणार आहेत. तिथले आकडेही असेच उतरताहेत. ही केस मी कशी काढू?”

“मग माझं नाव काढा,” मामाजी म्हणाले. “मी उद्यापासून येत नाही.”

ते उठले आणि बाहेर व्हरांड्यात गेले. दार त्यांच्यामागे हलत राहिलं.

“घरी काही झालंय का?” मॅडमनी मला विचारलं.

“नाही.”

“मग एवढं काय झालं यांना?”

मला माहीत नव्हतं. पण मी विचारलं, “ही केस कुठल्या खाणीची आहे, मॅडम?”

“नावं आपण मुद्दाम काढलीत ना. बघते.” त्यांनी पिशवीतून आपले मूळ कागद काढले, एकावर बोट ठेवलं. “पिंपळखुटी. नव्वद सालचा ऑक्टोबर. का हो?”

मी म्हटलं, “माझे मिस्टर त्यात होते.”

बस किती वाजता येते हे सांगावं तशा आवाजात मी ते म्हटलं. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. मी नवऱ्याच्या जागी लागले आहे एवढं त्यांना ठाऊक होतं; कुठली खाण, कसा अपघात, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. त्या माझ्या खांद्यावर हात ठेवायला आल्या. मला तो हात नको होता. “मॅडम, तुम्ही जेवून या,” मी म्हटलं. “मी बोलते त्यांच्याशी.”

त्या गेल्या. मी पडद्यासमोर बसून राहिले. भिंत उघडायला हरकत नाही. हेच शब्द मी आधी ऐकले होते, मामाजींच्या आवाजात.

नव्वदच्या त्या ऑक्टोबरात मामाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर पट्टी, ओसरीतल्या खाटेवर बसून असायचे. अपघाताच्या दिवशी सकाळी पिंपळखुटीचे ओव्हरमन, म्हणजे खाली पाळीवर देखरेख करणारे गुरनुले, जीपनं आले. मी त्यांना चहा दिला. ते चिठोऱ्यावरून आकडे वाचत होते आणि मामाजी मान हलवत होते. “उतरतोय ना सारखा?” मामाजींनी विचारलं. “सारखा, साहेब.” “भिंत तापलेली?” “नाही साहेब, गार आहे.” “मग विझली. उघडायला हरकत नाही.” प्रफुल्ल पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. तो बचाव पथकात होता. भिंत उघडताना आत पहिल्यांदा तीच माणसं जातात. त्यानं मान वर करून म्हटलं, “बाबांनी सांगतलं म्हणजे झालं.” मी त्याला येताना सीताफळं आण म्हणाले. तो गुरनुलेंच्या जीपमधूनच गेला.

एवढं सगळं माझ्यासमोर झालं होतं. पण त्या घरात असं बोलणं दर दुसऱ्या आठवड्याला व्हायचं. भाजीच्या भावासारखं ते माझ्या कानावरून जायचं. दुपारी बातमी आली तेव्हा सकाळचं ते बोलणं आणि दुपारची ती बातमी या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवल्याच नाहीत. पुढे चौकशी झाली. पहारीची ठिणगी पडली असावी असा निकाल आला. पिंपळखुटीच्या मॅनेजरनं मामाजींचं नाव घेतलं नाही, कारण आजारी रजेवरच्या माणसाला घरी जाऊन तोंडी विचारणं नियमात बसत नव्हतं. मामाजींनीही स्वतःहून काही सांगितलं नाही.

मी व्हरांड्यात गेले. मामाजी बाकावर बसून समोरच्या बाभळीकडे बघत होते. मी शेजारी बसले.

“तुला सांगितलं त्यांनी,” ते म्हणाले.

“मी विचारलं.”

मला वाटलं होतं, मला राग येईल. मी त्याची वाट बघत होते, खरंच. पण आत काही हललं नाही. फक्त गेले तीन महिने रोज करत होते ते काम हातात होतं. मॅडम कशा विचारायच्या ते मला पाठ झालं होतं. मी विचारायला लागले.

“मामाजी, भिंत उघडायची का हे ठरवायला तुम्ही काय काय करायचे?”

“सांगितलंय ना सगळं. आकडे बघायचो.”

“आणि?”

“आणि काय? आकडे.”

“आकडे कुठं बघायचे?”

“तिथंच. भिंतीपाशी.”

“खाली जाऊन?”

“मग काय घरी बसून...” ते म्हणाले आणि थांबले.

ट्रेनिंग सेंटरचा शिपाई सायकल ढकलत गेटातून आत आला, आम्हाला बघून मागच्या दाराकडे वळला.

“खाली गेल्यावर काय करायचे?” मी विचारलं.

“भिंतीशी उभा राहायचो जरा. हात फिरवायचो.”

“कशासाठी?”

“चिरा असतात ना. बारीक. डोळ्याला दिसत नाहीत. तळहाताला कळतात.” त्यांनी हात वर केला आणि हवेत, जणू समोर भिंत आहे तसा, हळू फिरवला. “मग चुन्याची चिमूट सोडायचो चिरेपाशी. ती कुठं जाते बघायचो. बाहेर उडाली तर चांगलं.”

“आत ओढली गेली तर?”

“तर भिंत श्वास घेते. बाहेरची हवा आत चाललीय.”

“मग आकडे?”

“मग आकड्यांना काही अर्थ नाही.” त्यांचा आवाज अगदी सपाट झाला होता. “विष उतरतं ते हवा मिसळली म्हणून. दुधात पाणी घातल्यासारखं. आग आत तशीच असते. उलट तिला थोडं थोडं खायला मिळत असतं.”

“हे तुम्ही आम्हाला सांगितलं नाही, मामाजी.”

“हे सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं,” ते म्हणाले. “भिंतीपाशी गेलं की माणूस हात लावतोच. त्यात सांगायचं काय? मी कुणाला शिकवलंही नाही ते. मलाही कुणी शिकवलं नव्हतं.”

मी पुढचा प्रश्न विचारणार नव्हते. पण तोच पुढचा प्रश्न होता.

“त्या दिवशी हात कुणी लावला?”

“भिंत गार आहे म्हणाला गुरनुले. गार आहे का ते बघायला त्यानं लावला असेल. चुना...” त्यांनी मान हलवली. “चुना नाही सोडला. मी विचारलं नाही. मी स्वतः असतो तर सोडला असता. मी खाटेवर होतो.” मग म्हणाले, “तीन वर्षं मी पहारीची ठिणगी म्हणून बसलोय, ज्योत्स्ना. नियम बरोबर होता म्हणून बसलोय. एकदाही चुकला नव्हता माझा नियम.”

“नियम अर्धा होता,” मी म्हटलं.

“हो,” ते म्हणाले. “अर्धा माझ्या हातात होता.”

आम्ही आत गेलो. मी मशीनपुढे बसले, त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. आकड्यांकडे जायच्या आधी मशीन आता विचारणार होतं : जाणत्या माणसानं स्वतः भिंतीपाशी जाऊन चुना सोडून बघितला आहे का? हवा आत ओढली जाते का? शब्द त्यांनी दोनदा बदलले. ‘जाणत्या’च्या जागी काय घालावं यावर अडले. तेवढ्यात मॅडम परत आल्या. त्या दारातच उभ्या राहिल्या, मग हळूच येऊन बसल्या आणि वाचायला लागल्या. सॉरी वगैरे काही म्हणाल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

“आता ती केस घाला,” मामाजी म्हणाले.

मी घातली. मशीननं नवा प्रश्न विचारला. मॅडमनी कागद चाळला. “भिंतीबद्दल यात काहीच लिहिलेलं नाही, साहेब. हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही.”

“मग माहीत नाही असं द्या.”

“आत्ता आपल्या नियमांत माहीत नाही म्हटलं की मशीन तो प्रश्न सोडून पुढं जातं.”

“सोडून नाही जायचं,” मामाजी म्हणाले. “माहीत नसेल तर उघडायची नाही. आकडे कितीही चांगले असोत. तिथंच थांबायचं.”

मॅडमनी तेवढं कसं घालायचं ते मला सांगितलं. मी पुन्हा केस चालवली. पडद्यावर आलं : भिंत उघडू नये.

तिघांनीही ते वाचलं. मामाजी उठून पाणी प्यायला गेले. मॅडम म्हणाल्या, “आज इथंच थांबू या.” मी मशीन बंद केलं, त्यावर प्लॅस्टिकचं कव्हर घातलं.

संध्याकाळी जेवायला बसलो. आमच्याकडे सासूबाई वाढायच्या आणि मागून जेवायच्या. त्या दिवशी बाजारात त्यांना कुणीतरी भेटलं होतं, त्यामुळे त्यांचं तोंड सुरू होतं. पिंपळखुटीचा तो मॅनेजर मोठा साहेब होऊन बिलासपूरला चालला होता. त्याचं नाव निघालं की त्यांना थांबवणं कुणाला जमायचं नाही.

“प्रमोशन भेटलं म्हणते त्या मुडद्याले,” त्या वरण वाढत म्हणाल्या. “माह्या लेकराले खाऊन ढेकर देऊन राह्यला. त्याच्या घरी...”

“त्याले नको बोलू,” मामाजी म्हणाले. ऑफिसात ते पुस्तकी मराठी बोलायचे, घरी आपली वऱ्हाडी. “त्यानं नाही. म्या सांगतलं होतं, उघडा म्हणून. माहं चुकलं.”

माझा घास हातात राहिला. सासूबाईंची पळी थांबली नाही. त्यांनी मामाजींच्या भातावर वरण घातलं, मग माझ्या.

“मले मालूम आहे,” त्या म्हणाल्या.

मामाजींनी वर बघितलं.

“सैपाकात होती ना मी. गुरनुले आकडे वाचे अन् तुमी मान हालवा. कान होते मले.”

“तुले मालूम होतं?”

“त्याच दिवसापासून.”

“मंग तीन सालं त्या मॅनेजरले काहून शिव्या देत होती?”

“मंग कोणाले देऊ?” सासूबाई म्हणाल्या. “तुमाले? तुमच्यासंग राहाचं होतं ना मले या घरात. कोणाले तं द्याच लागे.”

त्यांनी वरणाचं भांडं खाली ठेवलं आणि पदरानं हात पुसले. मग माझ्याकडे वळल्या. “तुले आज समजलं?”

“हो.”

“लपवलं मी तुह्यापासून. तू रडत नव्हती, बोलत नव्हती. आणखी हे कुठं सांगू म्हटलं तुले. मंग आता? जातं का माहेरी? जाशील तं मी नाही म्हणणार नाही.”

मामाजी ताटाकडे बघत होते. दोघंही माझ्या उत्तराची वाट बघत होते हे मला कळत होतं. मी आत शोधून बघितलं. राग नव्हता, माफीही नव्हती. ताटातला भात दिसत होता, त्याच्यावरचं पिवळं वरण दिसत होतं.

“बाकीचे नियम बघावे लागतील,” मी मामाजींना म्हटलं. “सगळे. असं हातात राहिलेलं आणखी कुठं कुठं असेल ते बघावं लागेल.”

मामाजींनी मान हलवली. सासूबाईंनी आमच्या दोघांकडे बघितलं, आणि मग स्वतःचं ताट घेऊन आमच्याबरोबर जेवायला बसल्या. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मी त्यांना मामाजींबरोबर जेवताना बघितलं.

ते काम वर्षभर चाललं. बायकांना खाली उतरायची परवानगी नव्हती, म्हणून मामाजी गुरनुलेंना घेऊन खाली जायचे आणि मी वर छपरीत थांबायची. ते वर आले की मी विचारायची. “कशाला हात लावला? वास घेतला का? मध्येच थांबले का कुठं? का थांबले?” त्यांना आठवायचं नाही तिथं गुरनुले सांगायचे, की साहेब वळणाशी उगाच खोकले, आवाज घुमतो का बघायला. “मी खोकलो?” मामाजी विचारायचे. मग आम्ही त्याचाही नियम करायचो. कधी कधी ते थकून म्हणायचे, पुरे आज. मी म्हणायची, एवढा एक. आमच्यात त्या दिवसाबद्दल पुन्हा बोलणं झालं नाही. पण कामाबाहेरचं म्हणाल तर तसंही आम्ही फार बोलत नव्हतो, आधीही आणि नंतरही.

महिन्याभरानं सोनापूरची भिंत उघडायची वेळ आली तेव्हा मशीन अडून बसलं. आकडे उत्तम होते. पण चुना कुणी सोडला नव्हता आणि मशीन काही केल्या पुढे जाईना. तिथल्या मॅनेजरनं ट्रेनिंग सेंटरला फोन केला. मीच उचलला. कोळसा अडलाय, वरून ओरडा होतोय, आणि हे तुमचं खोकं मला चुना विचारतंय, असं बरंच काही तो बोलला. मी म्हटलं, “सोडून बघा साहेब चुना.” त्यानं फोन आपटला.

चार दिवसांनी कळलं की त्यांनी सोडून बघितला. चिमूट सर्रकन् आत गेली होती. भिंतीच्या एका अंगाला वरपासून खालपर्यंत चीर होती. ती लिंपल्यावर विषारी वायूचा आकडा हळूहळू वर चढायला लागला. आग मेली नव्हतीच. ती भिंत पुढे कित्येक महिने बंद राहिली.

मामाजींना हे सांगितलं तेव्हा ते अंगणात तुळशीला पाणी घालत होते. “कोणत्या अंगाला चीर होती?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, उजव्या. “हं,” ते म्हणाले आणि उरलेलं पाणी घालून आत गेले.

पुढच्या रविवारी मी घरात मैत्रिणीकडे जाते असं सांगितलं आणि बस बदलून सोनापूरला गेले. का गेले ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. खाणीच्या गेटापाशी चिंचेखाली उभी राहिले. पाळी सुटायची वेळ होती. जरा वेळानं माणसं वर यायला लागली. टोप्या काखेत, तोंडं काळी, डोळ्यांभोवती तेवढी पांढरी वर्तुळं. कुणी बिडी पेटवत होतं, कुणी सायकलचं कुलूप काढत होतं, दोघं कशावरून तरी भांडत होते. एकानं आपला डबा दुसऱ्याच्या डोक्यावर वाजवला. त्यांतल्या कुणाला काही माहीत नव्हतं, आणि माहीत असण्यासारखं काही घडलंही नव्हतं. मी एकेकाचं तोंड बघत राहिले. कुठलंच तोंड ओळखीचं नव्हतं.

गर्दी पांगली. गेटावरचा म्हातारा पहारेकरी कधीपासून माझ्याकडे बघत होता. गेटापाशी उभी राहणारी बाई कुणाची तरी असते हे त्याला इतक्या वर्षांत ठाऊक झालं असणार. तो काठी टेकत माझ्यापाशी आला.

“कोणाले पाहून राह्यले ताई? तुमचा माणूस वर नाही आला का?”

मी म्हटलं, “सगळे आले का वर?”

“आले ना. मोजूनच घेतो आमी. सगळे आले.”

“नक्की?”

“अवो, नक्की म्हणजे काय! खाली आता कोणीच नाही.” त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, आणि त्याचा आवाज उतरला. “काहून रडता ताई? आले ना सगळे.”

मी गालाला हात लावून बघितला. हात ओला झाला होता.